कच्चे प्लास्टर, पक्के प्लास्टर

गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे अंतर सोडून नडगीवर बोट ठेवा आणि ते तसेच घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत खाली न्या. वाटेत कुठे मांस लागत नाही. वर कातडी, खाली हाड. मांडीचे हाड चारही बाजूंनी स्नायूंत गुरफटलेले असते, दंडाचेही तसेच. नडगीचा पुढचा-आतला पृष्ठभाग मात्र वरपासून खालपर्यंत उघडा पडलेला. अंधारात पलंगाची कड नडगीला लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते यामुळेच.

नडगी मोडते कशी आणि जुळायला वेळ का घेते, हे या उघडेपणातून कळते. पुढून स्नायूंची गादी नसल्याने मार थेट हाडावर बसतो आणि मोडलेले टोक सहज कातडी फाडून बाहेर येते. हाडाला बाहेरून मिळणारे रक्त भोवतालच्या स्नायूंकडून येते, म्हणजे एका बाजूने ते जवळजवळ नाहीच. घोट्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात तर स्नायू संपतात आणि नुसत्या कंडरांच्या दोऱ्या उरतात. हाडाला आतून रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी मागच्या बाजूने, बरीच वर, हाडात शिरते आणि पोकळीतून खाली उतरते. मध्येच हाड मोडले की खालच्या तुकड्याची ही नळजोडणी तुटते. म्हणून मोठ्या माणसाची नडगी जुळायला साधारण चार-पाच महिने लागतात.

पण हाच उघडेपणा उपचार करणाऱ्याला मदतही करतो. हाड सरळ बसले की नाही हे बोटाला कळते. मांडीच्या हाडाबाबत ही सोय नाही.

नडगीच्या बाहेरच्या अंगाला दुसरे हाड असते, बारीक, काडीसारखे. शरीराचे बहुतेक वजन नडगी पेलते आणि या हाडाच्या वाट्याला त्यातला लहानसा भाग येतो. दोन्ही हाडांच्या मध्ये एक चिवट पडदा ताणून बसवलेला असतो. हा पडदा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर एक शेतकरी माझ्याकडे आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. बांधावरून घसरले, पाय चिखलात रुतून राहिला आणि अंग वर फिरले. दोघांनी उचलून जीपमधून आणले होते. एक्स-रेमध्ये नडगीच्या खालच्या भागात पिळाची मोड दिसत होती, ओला कपडा पिळावा तशी तिरकी रेघ हाडाभोवती फिरलेली. तुकडे फारसे सरकले नव्हते, कातडी शाबूत होती आणि बारीक हाड अखंड होते.

“डॉक्टरसाहेब, रॉड टाकायलाच लागंल का?” त्यांनी विचारले. गावात कुणाला तरी रॉड टाकला होता आणि त्याची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती.

“भाऊ, तुम्हाला नाही लागणार,” मी म्हणालो. “पण पहिला महिनाभर दर आठवड्याला यावं लागेल. एकही खाडा चालणार नाही.”

त्यांच्या पत्नीने हिशेब केला, एसटीचे दोन टप्पे आणि दिवसाची मजुरी. मग त्या म्हणाल्या, “येतो आम्ही.”

त्या हिशेबातच या प्रकरणाचा विषय आहे. आजकाल मोडलेल्या नडगीसाठी शस्त्रक्रिया म्हणजे बहुतेक वेळा हाडाच्या पोकळीत धातूचा रॉड टाकणे. तुकडे खूप सरकलेले असतील, हाडाचा चुरा झाला असेल, कातडी फाटली असेल, तर त्याला तोड नाही. त्या रॉडने लाखो माणसे लवकर पायावर उभी राहिली आहेत. पण सगळ्याच नडग्या तशा मोडत नाहीत. कमी जोराने मोडलेली, न सरकलेली किंवा हाताने बसवता येणारी आणि बसवल्यावर जागेवर राहणारी नडगी चिरफाडीशिवाय उत्तम जुळते. अशा रुग्णासाठी प्लास्टर हा ऑपरेशन परवडत नाही म्हणून केलेला दुय्यम उपाय ठरत नाही. तो पुरा उपचार आहे. एकच अट, प्लास्टर घातल्यावरही त्या पायाकडे सतत पाहत राहायचे. रॉडच्या शस्त्रक्रियेत कौशल्य एका तासात एकवटलेले असते. इथे ते चार महिन्यांवर पसरते, आणि त्यातले निम्मे रुग्णाच्या घरच्यांना दाखवावे लागते.

हाड जुळवतो कोण? प्लास्टर नाही आणि रॉडही नाही. हाड मोडते त्या क्षणी आतल्या वाहिन्या फुटतात आणि मोडीभोवती रक्ताची गाठ जमते. पहिल्या काही दिवसांत त्या गाठीत पेशींची झुंबड उडते. रक्ताच्या जागी मऊ तंतुमय ऊती येते, मग कूर्चा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर हाताला लागते तसला लवचीक पदार्थ, आणि त्या कूर्चेत हळूहळू कॅल्शियम भरून हाड तयार होते. मोडीभोवती पाण्याच्या पाइपला बांधलेल्या पट्टीसारखा हा जो फुगवटा येतो त्याला कॅलस म्हणतात. पुढे वर्ष-दोन वर्षे शरीर त्यातले जास्तीचे हाड खात राहते आणि लागते तेवढे ठेवते.

या क्रमाला कारण आहे. स्विस संशोधक स्टेफन पेरेन यांनी ते फार सुरेख मांडले. फटीत तयार होणारी प्रत्येक ऊती ठरावीक ताणच सोसू शकते. अगदी सुरुवातीची मऊ ऊती दुप्पट ताणली तरी तुटत नाही, कूर्चा सुमारे १० टक्के ताण सोसते आणि हाड जेमतेम २ टक्के. म्हणजे मोड हलत असताना तिथे थेट हाड तयारच होऊ शकत नाही. आधी मऊ ऊती येऊन हालचाल थोडी आवरते, मग कूर्चा ती आणखी आवरते, आणि आवरलेल्या जागी शेवटी हाड येऊन बसते. मोड अगदीच सुटी असेल तर हा क्रम पुढे सरकत नाही. पण ती पूर्ण जखडली तर कॅलसला चालना देणारी हालचालच उरत नाही. १९८५मध्ये गुडशिप आणि केनराइट यांनी मेंढ्यांच्या नडगीवर प्रयोग केला. मोडीवर रोज फक्त १७ मिनिटे, एक मिलिमीटर एवढी हालचाल दिली, तर नुसत्या जखडून ठेवलेल्या नडगीपेक्षा हाड चांगले जुळले. प्लास्टरमधला पाय थोडासा हलतो आणि तेवढे हलणे त्याच्या भल्याचेच असते.

मोडलेले हाड कसे सांभाळायचे हे माणसांना प्रयोगशाळेविना फार पूर्वी उमगले होते. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर निदानस्थानात एक आणि चिकित्सास्थानात एक अशी दोन प्रकरणे आहेत. तिथला क्रम आजही ओळखीचा वाटतो. आधी ओढून सरळ करायचे, मग दाबून बसवायचे, मग बांधायचे. बांधताना मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली किंवा बांबूच्या कामट्या लावायच्या. मांडी किंवा नडगी मोडलेल्याला लाकडी फळीवर निजवायचे आणि पाच खुंट्या ठोकून पाय हलणार नाही असा बंदोबस्त करायचा. याला कपाटशयन म्हटले आहे. कपाट म्हणजे दाराची फळी. अतिशय साधी वस्तू, घरोघरी असलेली.

मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते बांधलेली पट्टी सोडून पुन्हा बांधण्याचे वेळापत्रक. थंडीच्या ऋतूत दर सात दिवसांनी, समशीतोष्ण दिवसांत दर पाच, उन्हाळ्यात दर तीन. कारणही दिले आहे. सैल बांधले तर सांधा स्थिर राहत नाही, घट्ट बांधले तर सूज, वेदना आणि पू. बांधून मोकळे होणारा वैद्य सुश्रुताला मान्य नाही. पुन्हा पुन्हा येऊन पाहणारा हवा. हाड जुळायला लागणारा काळही वयानुसार दिला आहे, लहानपणी एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. मोठ्यांच्या नडगीला हे महिने आज आपण अपुरे मानतो, पण वयाबरोबर हाड संथ होते ही पारख अचूक आहे. आणि त्या शेतकऱ्याला मी “दर आठवड्याला या” म्हणालो, त्यामागे याच वेळापत्रकाची पुण्याई होती.

दाराच्या फळीची आणखी एक गोष्ट, लंडनची. १७५६च्या जानेवारीत पर्सिव्हल पॉट हा नामवंत शल्यचिकित्सक घोड्यावरून पडला आणि त्याच्या पायाचे हाड कातडी फाडून बाहेर आले. अशा मोडीवर तेव्हा सहसा एकच उपचार होता, पाय कापणे. गाडीत घालून नेले तर धक्क्यांनी पायाचे आणखी वाटोळे होईल हे पॉट जाणत होता. थंडीत तो रस्त्यावर तसाच पडून राहिला. त्याने पालखीवाहकांना बोलावणे धाडले, ते येईपर्यंत एक दार विकत घेतले, त्यांच्या दांड्या त्या दाराला खिळ्यांनी ठोकून घेतल्या आणि त्यावर निजून लंडन ब्रिज ओलांडून घरी पोहोचला. शल्यचिकित्सक जमले, पाय कापायचे ठरले, हत्यारे बाहेर निघाली. तेवढ्यात त्याचे जुने गुरू एडवर्ड नर्स आले, त्यांनी पाय पाहिला आणि थांबा म्हणाले. पाय वाचला. अंथरुणावर पडल्या पडल्या पॉटने अंतर्गळावरचा ग्रंथ लिहून काढला.

पुढे त्याने मोडलेल्या हाडांवरही लिहिले. त्यातला एक मुद्दा आजही प्लास्टरच्या खोलीत रोज वापरला जातो. गुडघा वाकवला की पोटरीचे स्नायू सैल पडतात. मोडलेले तुकडे एकमेकांवर चढवून ठेवणारा ओढा त्या स्नायूंचाच असतो. ते ढिले पडले की जोर लावावा लागत नाही.

आता प्लास्टरकडे येऊ. जिप्सम नावाचा मऊ दगड भाजला की त्यातले तीन-चतुर्थांश पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. या भुकटीत पाणी घातले की ते परत शोषून ती दगड होते, आणि होताना तापते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली या दगडाच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव. बसऱ्यात मोडलेला पाय साच्यात ठेवून त्यावर हे कालवण ओतत असत, असे १७९८च्या एका इंग्रजी पुस्तकात नोंदले आहे. पण ओतलेले प्लास्टर म्हणजे शिळाच. त्यातून पाय उचलता येत नाही. १८३०च्या दशकात बेल्जियमच्या सॅतँने पिठाच्या खळीच्या पट्ट्या वापरल्या. त्या हलक्या होत्या, पण वाळायला दोन-तीन दिवस घेत आणि तोवर हाड पुन्हा सरके. यातून वाट काढली डच लष्करी डॉक्टर अँटोनियस मॅथायसन याने, हारलेममध्ये, १८५१ साली. जाडसर सुती कापडात कोरडी भुकटी चोळायची, गुंडाळी करून ठेवायची, आणि लागेल तेव्हा भिजवून पायाला लपेटायची. काही मिनिटांत पट्टी कडक होते. त्याच सुमारास रशियात निकोलाय पिरोगोव्हला शिल्पकाराच्या कारखान्यात प्लास्टर घट्ट होताना पाहून हीच कल्पना सुचली आणि क्रिमियाच्या युद्धात त्याने ती सैनिकांवर मोठ्या प्रमाणात वापरली. आज फायबरग्लासच्या हलक्या, पाण्याने न भिजणाऱ्या पट्ट्या मिळतात. तरी पहिल्या दिवशी हाड घडवून बसवायला मला अजूनही ओले पांढरे प्लास्टरच लागते. ते हाताचे ऐकते.

आपल्याकडे लोक कच्चे प्लास्टर आणि पक्के प्लास्टर असे दोन शब्द वापरतात. पाठ्यपुस्तकांतल्या कुठल्याही संज्ञेपेक्षा ते मला आवडतात. कच्चे म्हणजे पायाच्या मागून लावलेली प्लास्टरची पन्हळ, वरून साध्या पट्टीने बांधलेली. पहिले काही दिवस पाय सुजत असतो. चहूबाजूंनी बंद प्लास्टरात सुजायला जागा नसते, म्हणून पुढची बाजू मऊ ठेवायची. सूज उतरली, कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या, की पक्के.

त्या शेतकऱ्याला नवव्या दिवशी टेबलाच्या कडेवर बसवले, दोन्ही पाय खाली सोडून. गुडघे काटकोनात, पॉटने सांगितल्याप्रमाणे पोटऱ्या ढिल्या. मी समोर बुटक्या स्टुलावर बसलो आणि त्यांचे पाऊल माझ्या गुडघ्यावर घेतले. अशा वेळी पायाचे स्वतःचे वजनच हाड ओढून सरळ करत असते. दुसरा, चांगला पाय शेजारी लोंबत असतो, तो आपला नकाशा. गुडघ्याची वाटी आणि अंगठ्याशेजारचे बोट यांची रेघ त्या पायात कशी आहे, तशीच इकडे हवी. हाड थोडे तिरके जुळले तर चालते, पण मोडीखालचा पाय फिरलेला राहिला तर माणूस जन्मभर फेंगडा चालतो आणि ती चूक शरीर स्वतः कधीच सुधारत नाही.

आधी कापसाची गुंडाळी, प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर निम्मा चढवत. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बारीक हाडाचे डोके हाताला लागते. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. तिथे प्लास्टर दाबले तर पाऊल वर उचलता येत नाही, लटके पडते. म्हणून त्या जागी कापूस जास्त. मग पट्ट्या कोमट पाण्यात सोडायच्या आणि बुडबुडे थांबले की काढायच्या. पाणी गरम घेतले तर प्लास्टर लवकर कडक होते हे खरे, पण मग ते इतके तापते की कातडी पोळू शकते. पट्टी फिरवताना तळहात वापरायचा, बोटांची टोके नाहीत. बोट रुतले की आतून उंचवटा उमटतो आणि त्या उंचवट्याखाली महिनाभरात जखम होते. थर एकजीव होईपर्यंत चोळत राहायचे.

यानंतरची पाच मिनिटे सगळ्यांत महत्त्वाची. मँचेस्टरच्या जॉन चार्नली यांनी १९५०मध्ये विना-शस्त्रक्रिया उपचारांवर पुस्तक लिहिले. खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते, पण माझ्या मते हे पुस्तकही तेवढेच मोठे आहे. त्यांनी दाखवले की मोडीच्या एका बाजूचे आवरण बहुतेक वेळा शाबूत असते आणि ते बिजागरीसारखे काम करते. प्लास्टरवर तीन ठिकाणी नेमका दाब दिला तर ही बिजागरी ताणली जाते आणि तुकडे एकमेकांवर घट्ट बसतात. तीन ठिकाणी दाबलेले प्लास्टर बाहेरून किंचित वाकडे दिसते. नवशिक्याला ते पाहून वाईट वाटते. पण नळकांड्यासारखे गुळगुळीत, सरळ, देखणे प्लास्टर आत हाडाला मोकळे सोडते. हे थोडे वाकडे प्लास्टर हाडाला धरून ठेवते. पाच मिनिटे मी तसेच दाबून बसलो होतो. हाताखाली पट्टी आधी साबणासारखी, मग ओल्या मातीसारखी, मग एकदम कडक लागू लागली आणि तळहाताला ऊब जाणवली. मग गुडघा थोडासा वाकवून मांडीपर्यंत प्लास्टर नेले.

दुसऱ्या आठवड्याच्या एक्स-रेत नडगी आतल्या बाजूला सात अंश कलली होती. याचे कारण ते अखंड बारीक हाड. एकच हाड मोडले म्हणजे नशीब चांगले असे कोणालाही वाटेल. पण बारीक हाड बाहेरच्या बाजूला टेकूसारखे उभे राहते, त्या बाजूने पाय आखडत नाही, आतल्या बाजूने आखडतो आणि नडगी आत झुकते. पुढून पाहता पाच अंशांपर्यंतचा कल, बाजूने पाहता दहापर्यंत आणि लांबीत सेंटिमीटरभर तूट, एवढे साधारण चालते. सात चालणार नाही.

अशा वेळी प्लास्टर काढायचे नाही. एक्स-रेवर मोजून मोडीच्या उंचीवर पेन्सिलीने रेघ मारली, आणि प्लास्टर कापायच्या करवतीने आतल्या बाजूने सुरुवात करून घेराचा तीन-चतुर्थांश भाग कापला. या करवतीचे पाते गोल फिरत नाही, ते जागच्या जागी थरथरते. कडक प्लास्टर कापते, पण खालची मऊ कातडी पात्याबरोबर हलते आणि वाचते. आवाज मात्र भयंकर. भाऊंनी डोळे मिटून घेतले होते. बाहेरच्या बाजूचा न कापलेला पाव भाग बिजागरी झाला. आतली फट हळूच उघडली, तिच्यात लाकडाची ठोकळी बसवली, पुन्हा एक्स-रे घेतला. दोन अंश. फटीत कापूस भरला, वर एक नवी पट्टी लपेटली. हे सगळे अर्ध्या तासात झाले. आठवडा चुकला असता, कॅलस चिवट झाला असता, तर पाय तसाच वाकडा जुळला असता किंवा शस्त्रक्रिया करावी लागली असती. एसटीच्या दोन टप्प्यांनी आणि बुडालेल्या मजुरीने ती वाचवली.

पाय टेकवायचा कधी, यावर दीर्घकाळ मोठे मंथन झाले. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस, पारंपरिक हाडवैदांच्या घराण्यातले, दीर्घ आणि अखंड विश्रांतीचे पुरस्कर्ते होते. फ्रान्सचे ल्यूका-शांपियोनिएर त्याच काळात हालचाल आणि मालीश हवे म्हणत होते. नडगीपुरते हे वादळ १९६०च्या दशकात अमेरिकेत शमले. लष्करी डॉक्टर अर्न्स्ट डेनी यांनी रुग्णांना मांडीपर्यंतच्या प्लास्टरवरच लवकर चालायला लावले आणि हाडे जुळली. मग मायामीत काम करणारे, मूळ कोलंबियाचे ऑगुस्तो सार्मिएंतो पुढे गेले. गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाचा कृत्रिम पाय वाटीखालच्या कंडरेवर टेकतो, हे पाहून त्यांनी १९६७मध्ये गुडघा मोकळा ठेवणारे प्लास्टर मांडले, आणि नंतर घोटाही मोकळा ठेवणारे प्लास्टिकचे कवच. आपल्याकडे त्याला ब्रेस म्हणतात.

असे केल्याने हाड खाली दबून आखूड होणार नाही का? सार्मिएंतोंना जे दिसले ते विस्मयकारक आहे. बंद मोडीत पाय पहिल्या दिवशी जेवढा आखूड झालेला असतो, तेवढाच राहतो. चालण्याने तो आणखी आखूड होत नाही. कारण दोन हाडांमधला तो चिवट पडदा. अपघाताच्या वेळी तो ताणला जायचा तेवढा ताणला गेलेला असतो, आता तो तुकड्यांना आणखी सरकू देत नाही. शिवाय स्नायूंत बहुतांश पाणी असते आणि पाणी दाबून लहान होत नाही. चारी बाजूंनी कवचाने आवळलेले मांस पाणी भरलेल्या पिशवीसारखे हाडाला सावरते. वजन कंडरेवर टेकते ही आपली मूळ कल्पना तितकीशी खरी नव्हती, हे सार्मिएंतोंनी पुढे स्वतः मोजून दाखवले. स्वतःचा सिद्धांत असा तपासून बाजूला ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. १९९५मध्ये त्यांनी ब्रेसने उपचार केलेल्या १,००० बंद नडग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. न जुळलेल्या नडग्या एक टक्क्याच्या आसपास होत्या. मात्र हे निवडलेले रुग्ण होते. फार आखूड झालेल्या, फार अस्थिर मोडी त्यांनी ब्रेससाठी घेतल्याच नव्हत्या. हा आकडा सांगताना ती निवडही सांगायलाच हवी.

भाऊंना पाचव्या आठवड्यात ब्रेस दिला आणि कुबड्यांवर पाय टेकवायला सांगितले. ठणका येईल तिथे थांबायचे, हा एकच नियम.

आता ज्यासाठी मध्यरात्रीही डॉक्टरांना उठवावे, ते. गुडघ्याखालचे स्नायू न ताणल्या जाणाऱ्या चार कप्प्यांत भरलेले असतात. मोडीनंतर कप्प्यात रक्त आणि सूज साठली की आतला दाब वाढतो, बारीक वाहिन्या बंद पडतात आणि काही तासांत स्नायू मरू लागतो. खूण एकच, पण ठळक. वेदना मोडीच्या मानाने फार जास्त असते, वाढतच जाते, गोळीने शमत नाही, आणि पायाची बोटे कुणी हळूच वर-खाली केली तरी माणूस किंचाळतो. मुंग्या, बधिरपणा नंतर येतो. पावलाची नाडी लागते आहे म्हणून थांबू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. अशा वेळी प्लास्टर आणि त्याखालचा कापूसही कातडीपर्यंत उभा चिरायचा असतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर तातडीची शस्त्रक्रिया.

मी शिकत असताना एक सतरा वर्षांचा मुलगा आला होता. नडगीची साधी मोड. गावात कामट्या लावून सुतळीने आवळले होते, आणि तो रडतो म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी आवळले होते. पाय घोट्यापासून काळा पडला होता. गुडघ्याखाली कापावा लागला. हाडवैदांच्या हातांत बोटाने हाड ओळखण्याचे कसब असते हे मी पाहिले आहे, त्याचा मला आदर आहे. पण घट्ट बांधलेले सोडून पाहायचे असते, हे सुश्रुताने लिहून ठेवलेले त्या हातांपर्यंत पोहोचले नव्हते.

बाकी सूचना थोडक्यात. पाय पहिले काही दिवस उशीवर, छातीपेक्षा उंच. बोटे दर तासाला हलवायची. खाज सुटली म्हणून विणायची सुई किंवा फुटपट्टी आत घालायची नाही. मी आतून तांदळाचे दाणे आणि एकदा दहाची नोट काढली आहे, दाण्याखाली कातडी सोलली होती. पोटरी अचानक दुखून कडक झाली किंवा धाप लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, लगेच दवाखाना. विडी-सिगारेटने हाड उशिरा जुळते, हे पक्के ठाऊक आहे. तंबाखू आणि मिश्रीतही तेच निकोटीन असते, तेव्हा तीही बंद. कांडवेलीला आपण हाडजोडी म्हणतो आणि तिची भाजी आवडीने करतो. खावी, पण तिच्या भरवशावर एक्स-रे टाळू नये. डाळ, अंडी, दूध पोटभर.

लहान मुलांचे सारे वेगळे. नुकते चालू लागलेले मूल पाय मुरगळून पडते आणि पाय टेकवत नाही. एक्स-रेत केसासारखी तिरकी रेघ, कधी तीही नाही. तीन-चार आठवड्यांच्या प्लास्टरात ते बरे होते. मोठ्यांत नुसते बारीक हाड मधोमध मोडले तर बहुतेकांना प्लास्टरही लागत नाही. मात्र घोटा तपासल्याशिवाय तसे म्हणू नये, कारण घोट्याचे बंध फाटून तो पीळ वर बारीक हाडाच्या मानेपर्यंत जाऊ शकतो. आणि पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी एकदम रोज डांबरी रस्त्यावर धावू लागलेल्या पोरांची नडगी दुखते, तेव्हा ती न पडता, न आदळताही तडकलेली असू शकते. सुरुवातीचा एक्स-रे साफ दिसतो. धावणे थांबवले तर बहुतेक वेळा हाड जुळते. “सोळाशे मीटरची वेळ जाईल” म्हणून धावत राहिलेल्या मुलाची नडगी मैदानातच मोडलेली मी पाहिली आहे.

भाऊ सतराव्या आठवड्यात आले ते एक कुबडी काखेत आणि दुसरी घरी ठेवून. एक्स-रेत पिळाच्या रेघेवर पांढरा फुगवटा चारी बाजूंनी आला होता. ब्रेस काढला. पोटरी दुसऱ्या पायापेक्षा बारीक झाली होती, कातडी कोरडी, खवल्यांची, केस दाट. मी मोडीवर दाबले, त्यांना दुखले नाही. एका पायावर उभे राहायला सांगितले, राहिले. फूटपट्टीने मोजले, पाय पाच-सहा मिलिमीटर आखूड.

ते खुर्चीत बसले, खाली वाकले आणि नडगीवरून बोट फिरवू लागले. घोट्याच्या वर चार बोटांवर त्यांचे बोट थांबले.

“इथं गाठ लागतीया डॉक्टरसाहेब.”

“तेच तुमचं नवं हाड,” मी म्हणालो. वहिनीही पुढे झाल्या आणि त्यांनी बोट लावून पाहिले.